पाऊस आपला, पाणी छिंदवाड्याचं

माझ्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. वीस वर्षांपूर्वी साताऱ्याकडून लग्न होऊन नागपुरात आले, तेव्हा हे मला पटकन पचलं नव्हतं. सासरे जर मामाजी, तर नवऱ्याचे मामा कोण, असं मी भर पंगतीत विचारलं होतं. घरात अजून ते सांगून हसतात. मामाजी आता ७९ वर्षांचे आहेत. एका कानाने कमी ऐकू येतं. गच्चीवर त्यांनी सरळ काठाचा, सपाट तळाचा एक पत्र्याचा डबा ठेवलाय. रोज सकाळी आठ वाजता त्यात फूटपट्टी उभी धरून ते आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहितात. त्याच चौकोनात मी दुधाचा हिशोब लिहिते. त्यामुळे महिनाअखेरीला दूध ४२ आणि पाऊस दीड, असले घोळ आमच्याकडे होतात.

सवय नोकरीची. मामाजी पाटबंधारे खात्यात बिनतारी यंत्रचालक होते. पावसाळ्यात धरणावरच्या खोलीत बसायचं, दर तासाला पाण्याची पातळी, आवक, विसर्ग, किती दरवाजे किती मीटर उघडे हे खालच्या पूर नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि वरून आलेला निरोप घ्यायचा. मोबाइल नव्हते, आणि टेलिफोनच्या तारा पहिल्याच वादळात लोळायच्या. सासूबाई होत्या तेव्हा सांगायच्या, निवृत्त झाल्यावरही कितीतरी दिवस हे घरचा फोन ठेवताना "ओव्हर" म्हणायचे.

गेल्या ऑगस्टात एका सकाळी पेपर बाजूला ठेवून ते म्हणाले, "खैरीचे गेट उघडले म्हणतात." एवढंच. पुढे काही नाही. पण चहाचा कप तसाच हातात धरून ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मला कळलं की हे मागणं आहे. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. मला सुट्टी होती. पाऊस पहाटेपासून लागला होता. मी म्हटलं, "चला मामाजी, जाऊन येऊ."

"एवढ्या पावसात?"

"धरण काय उन्हात बघायचं?"

खरं सांगायचं तर धरण बघायला म्हणून मी नागपुरात कधी गेलेच नव्हते. माझं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. आमच्याकडे लहान मूल आधी डोंगर बघतं, मग बाकीचं जग. आजी प्रत्येक गोष्टीचं वय "भूकंपाच्या आधी की नंतर" असं मोजायची. भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७चा. पावसाळ्यात समोरचा कडा चार-चार दिवस दिसायचा नाही आणि जेव्हा दिसायचा तेव्हा त्याच्या अंगावरून पांढऱ्या दोऱ्या लोंबत असायच्या. अशा मुलीला नागपुरात आल्यावर नवऱ्याने मोठ्या अभिमानाने सेमिनरी हिल्सवर नेलं. मी वर पोचल्यावर विचारलं, "डोंगर कुठून सुरू होतो?" तेव्हापासून इथला डोंगर आणि इथलं धरण, दोन्हींबद्दल माझ्या मनात एक माहेरचा तोरा बसलेला होता. तो मी आता कबूल करते.

मानकापूरहून निघालो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचं निम्मं अंग ढगात होतं. धूर कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. खापरखेड्यापर्यंत कोळशाचे ट्रक. त्यांच्या चाकांखालून उडणारं पाणी काळं असतं, काचेवर आलं की वायपर दोन फेऱ्या नुसता ते पसरवतो. कन्हानचा पूल ओलांडला तेव्हा मामाजींनी काच खाली करून नदीकडे पाहिलं, तोंडावर पाऊस घेतला आणि काच वर केली. मी विचारलं, "काय पाहिलं?"

"रंग," ते म्हणाले.

पारशिवनीच्या अलीकडे कपाशी संपते आणि धान सुरू होतं. बांध्यांमध्ये पाणी भरलेलं, डोक्यावरून प्लास्टिकचे तुकडे घेतलेल्या बायका वाकून उशिराची रोवणी करत होत्या, काठावर पऱ्ह्यांच्या हिरव्यागार जुड्या पडलेल्या. पाठ न उचलता पावसात इतका वेळ वाकून राहायचं, हे मला आजही बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. पारशिवनीत आम्ही आलूबोंडा खाल्ला. दुकानदाराने न विचारता वर तर्री ओतली. मामाजींना तिखट मना आहे; त्यांनी तो बोंडा खाल्ला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की घरी हे सांगायचं नाही, असं ठरूनच गेलं.

गाडीत ते बोलायला लागले ते तिथून पुढे. तर्रीचा परिणाम असावा.

नागपूरला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं पेंच नदीचं. नदी उगम पावते मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्यात. तिथून खाली येताना दोन राज्यांच्या सीमेवरच्या जंगलात तिला मोठं धरण लागतं, तोतलाडोह. त्याचे दरवाजे १४. पाणी आधी तिथे अडतं, १६० मेगावॅटचं वीजघर फिरवतं आणि खाली उतरतं. मग नवेगाव खैरीचं धरण ते पुन्हा झेलतं आणि कालव्यांत घालतं. उजव्या कालव्याचं पाणी महादुल्याकडे, तिथून गोरेवाड्याला, शुद्ध होऊन आपल्या नळाला. डावा कालवा शेतीचा. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, तिथे मनात आलं म्हणून जाता येत नाही; पावसाळ्यात तर पेंचचा गाभा पर्यटकांना बंदच असतो. म्हणून आम्ही खैरीला चाललो होतो. लोक त्याला कामठी खैरी असंही म्हणतात.

"वरच्या धरणावर मी सात पावसाळे काढले," मामाजी म्हणाले. "रात्रभर टिनावर पाऊस. दुसरं काही ऐकू येत नव्हतं. हा कान तिथंच गेला."

मी विचारलं, एवढा पाऊस पडायचा तर धरण झपाझप भरत असेल. ते हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं. सेमिनरी हिल्सवर मी हसले होते, तसंच.

"आपल्या डोक्यावर पडून राहिलं म्हणून धरण भरत नसते बेटा. तिकडं छिंदवाड्यावर पडलं पाहिजे. इथं कोरडं ठणठणीत असते, चांदणं पडलेलं असते, अन् वरून निरोप येते का पानी सुटलं. अन् कधी इथं असं धो धो पडते का माणूस दिसत नाही, अन् पट्टी पाहा तर जागची हलत नाही."

हे मला खरंच नवीन होतं. कोयनेचा हिशोब वेगळा. अरबी समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, नवजाला, महाबळेश्वरला कोसळतात, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि ते पाणी डोळ्यांसमोर उतरून धरणात जातं. आपण भिजतोय म्हणजे धरण भरतंय, एवढं साधं गणित. नागपूरचा पाऊस वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडवरून सरकत आणतात. मी इतकी वर्षं पाऊस येणार का हे बघायला सवयीने पश्चिमेकडे बघत आले. मामाजी उत्तरेकडे बघतात. मला वाटायचं, त्यांना त्या कोपऱ्यातली आरामखुर्ची आवडते.

मग मला २०१९ आठवलं. त्या जुलैत पाऊस गायब होता. तोतलाडोह मृत साठ्यावर, म्हणजे एरवी न वापरता येणाऱ्या तळाच्या पाण्यावर, गेलं होतं आणि शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं होतं. आमच्या इमारतीत बादल्यांवरून भांडणं झाली. चांगली शिकलेली माणसं एकमेकांच्या टाकीचं झाकण उघडून बघायची. मग एका संध्याकाळी नागपुरात धुवांधार पाऊस आला. सगळी इमारत खाली उतरून भिजली, कुणीतरी मुलांना भजी दिली. मामाजी बाल्कनीतून ओरडून म्हणाले, "याचा काही फायदा नाही! हे इथं पडून राहिलं!" खालचे सगळे वर बघायला लागले. मला इतकी लाज वाटली. म्हातारपणी माणूस कडवट होतो, असं मी रात्री नवऱ्याला म्हटलं होतं.

त्या वर्षीच्या टंचाईला पाऊस हे एकच कारण नव्हतं. पेंचच्या पाण्याचा दोन राज्यांतला करार १९६४चा. पुढे मध्य प्रदेशाने वरच्या अंगाला चौरईचं धरण बांधलं आणि ते पाणी अडवायला लागल्यापासून खाली येणारी आवक घटली. त्यांचं चुकलं असं मामाजी म्हणत नाहीत. "त्यांचं पानी त्यांनी अडवलं. करारात होतं थे." फक्त पूर्वी निरोप यायचा तो पावसाचा असायचा, आता धरणाचा असतो, एवढाच फरक ते सांगतात. त्याच वर्षी पुढे तिकडे दमदार पाऊस झाला, चौरई भरलं, आणि पावसाळा संपायच्या आत तोतलाडोहचे दरवाजे उघडावे लागले. पुढच्या ऑगस्टअखेरीस, २०२० मध्ये, तेच पाणी इतकं आलं की पारशिवनी, कामठी, मौद्याकडच्या गावांत शिरलं.

उजवीकडे कुठेतरी रामटेकची टेकडी असणार होती. पावसाने ती पूर्ण पुसून टाकली होती. मामाजींनी त्या दिशेला बोट केलं आणि म्हणाले, तोतलाडोहच्या जलाशयाला नाव काय आहे माहीत आहे का? मेघदूत जलाशय. मला माहीत नव्हतं. कालिदासाचा रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं, हे नागपुरात राहणाऱ्याला कधी ना कधी ऐकावंच लागतं, आणि आषाढात तर दर वर्षी. पण त्या क्षणी मला वेगळीच गंमत वाटली. यक्षाचा ढग रामगिरीवरून निघाला तो उत्तरेला, नर्मदा ओलांडून, उज्जैन करत अलकेकडे गेला. मामाजींचे निरोप नेमके उलटे, उत्तरेकडून खाली. आणि त्यांत विरह वगैरे काही नसायचा. दोन आकडे, वेळ, ओव्हर. जलाशयाला नाव देणाऱ्याला तिथे रात्रपाळीला बसणारा दूत ठाऊक होता की नाही, कोण जाणे. मी हे मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "ढगाले पगार कुठं होता?"

खैरीला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. धरणाच्या भिंतीवर जायला बंदी होती, अलीकडेच दोरी बांधलेली. रेनकोट घातलेला एक पोरगा पहारेकरी गाड्या मागे फिरवत होता. दहा-बारा तरुण मोबाइल वर धरून उभे. भुट्टे भाजणाऱ्या बाईने निळ्या ताडपत्रीखाली शेगडी पेटवली होती आणि धूर बाहेर जायला तयार नव्हता. आम्ही गाडी लावली. छत्री उघडली तशी उलटी झाली. मग उघडलीच नाही.

आवाज आधी आला. सोळा दरवाज्यांपैकी सहा वर उचललेले होते आणि त्यांच्याखालून पाणी येत नव्हतं, ढकललं जात होतं. मला सवय पांढऱ्या पाण्याची. हे पाणी चहासारखं, तांबूस तपकिरी, आणि सांडव्याच्या पायथ्याशी आपटून उठलं की त्याची जी वाफ होत होती तीसुद्धा मातकट. पलीकडे बुटक्या टेकड्यांची रांग, सागाचं जंगल, सगळं एका हिरव्या-करड्या थराखाली. कड्यावरून उडी वगैरे काही नाही. डोंगर म्हणावेत इतके उंचही नाहीत ते. पण ते पाणी ज्या दमाने येत होतं, त्यात एक लांबून चालत आल्याचा भार होता. घाटातलं पाणी अवखळ असतं. हे तसं नव्हतं. हे तीन दिवसांपूर्वी कुठल्यातरी दुसऱ्याच्या शेतावर, दुसऱ्या राज्यात, मला नावही माहीत नसलेल्या गावात पडलेलं होतं, आणि इथे मी ज्या पावसात नखशिखान्त भिजून उभी होते त्याचा त्यात वाटा नगण्य होता. एवढं चिंब होऊनही आपण पाहुणेच आहोत, असं काहीसं वाटलं. नीट सांगता येत नाही.

मला वाटलं होतं मामाजी पहारेकऱ्याला सांगतील, मी इथे होतो म्हणून. सांगितलं नाही. ते दोरीपाशी गेले आणि इतकंच विचारलं, "आवक किती चालू आहे?"

त्या पोराने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. येणारे लोक विचारतात, जवळ जाऊ देता का, फोटो काढू का, मागच्या आठवड्यात कोणी बुडालं का. आवक कुणी विचारत नाही. "रात्री चौरईवाल्यानं सोडलं काका," तो म्हणाला. "मंग तोतलाडोहचे उघडले. सकाळी इथले. आता कमी होऊन राहिलं."

"वर किती आहे?"

"तोतलाडोह? एकोणनव्वदच्या वर."

मामाजींनी मान हलवली. म्हणजे ४८९. पुढचं मला माहीत होतं, कारण घरात गॅसचा सिलिंडर असो की टाकीचं पाणी, काठोकाठ भरलं की ते "चारशे नव्वद" म्हणतात. तोतलाडोहची पूर्ण संचय पातळी, समुद्रसपाटीपासून ४९० मीटर. तेवढी गाठली की उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३६ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) जवळपास. मी हे सगळं वीस वर्षांत ऐकून ऐकून पाठ केलंय आणि ते पाठ आहे हे मला त्या दिवशी कळलं.

भुट्टा खात ताडपत्रीखाली उभं असताना त्यांनी अचानक विचारलं, "तुमच्या कोयनेची किती?"

"काय?"

"लेव्हल. फुल लेव्हल."

आणि माझ्या तोंडून क्षणाचाही विचार न करता निघालं, "२१६३ फूट." त्यावर काही इंच असतात, तेही सांगितले. आमच्याकडे पावसाळ्यात रोज पेपरात यायची, आज पातळी इतकी, साठा इतका, १०५ टीएमसीच्या धरणात. वडील मोठ्याने वाचायचे. मला वाटलं होतं मी ती विसरले.

मामाजी माझ्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला, नोकरीला, गाडी चालवण्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी वाहवाही केली नाही. आत्ता ते म्हणाले, "फुटात मोजता काऊन तुम्ही?" पण आवाज असा होता की मला शाबासकी मिळाल्यासारखं झालं. भुट्ट्यावर लिंबू चोळताना ते दोन वेळा स्वतःशीच पुटपुटले, एकवीसशे त्रेसष्ट.

खाली वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बोट करून मी विचारलं, हे आता कुठे? कन्हानला, ते म्हणाले. पुढे वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, आणि मग बंगालचा उपसागर. जिथून ढग निघाले तिथेच. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं. त्यांना ते कामाचं वाटलं नसावं. निरोप कन्हानपर्यंतच द्यायचा असायचा.

परतताना ते झोपले. वायपरच्या तालावर मान हलत होती. मी गाडी हळू चालवली. आमचं शहर एक विचित्र प्रकार आहे, असा विचार येत होता. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरून माणसं गेली. आपल्या पावसाने बुडायचं आणि दुसऱ्याच्या पावसावर जगायचं. मामाजींनी त्या बाल्कनीतून जे ओरडून सांगितलं होतं ते हेच होतं, आणि मी त्यांची माफी मागायची राहिलीच आहे. झोपलेल्या माणसाची माफी मागणं सोपं होतं, तरी मागितली नाही.

मानकापूरला रस्ते जवळजवळ कोरडे होते. वॉचमन म्हणाला, इथे दुपारनंतर थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मामाजी गच्चीवर गेले. मी मागोमाग कपडे वाळत घालायला गेले. त्यांनी डब्यात फूटपट्टी उभी केली, चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"किती?"

"चार."

"चारच? आपण केवढे भिजलो!"

"थे पारशिवनीचं," ते म्हणाले, डबा उपडा केला आणि खाली गेले. मी खाली आले तेव्हा आदल्या दिवसाच्या चौकोनात माझ्या दीड लिटरच्या शेजारी ४ लिहिलेलं होतं, आणि अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, २१६३. माझी ओढणी अजून वाळली नव्हती.